शिबी कुणाचा, मांधाता कुणाचा? जातकांतले आणि पुराणांतले राजे

प्रश्न थोडक्यात असा: शिबी, मांधाता, दशरथ, जनक ही नावे महाभारत, रामायण आणि पुराणांत येतात, तशीच ती पाली जातकांत, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींत, आणि संस्कृत अवदानांत, म्हणजे तशाच बौद्ध कथांतही येतात. मग हे राजे मुळात कुणाचे? कुणी कुणाच्या गोष्टी उचलल्या? आणि यांतले कुणी खरेच होऊन गेले का?

संस्कृत आणि पाली दोन्ही शिकवत आल्यामुळे हा प्रश्न वर्गात दर वर्षी येतो. विचारणाऱ्याच्या सुरावरूनच कळते की त्याला कोणते उत्तर हवे आहे. माझे उत्तर दोन्ही बाजूंना थोडे नाराज करते. या राजांवर पहिला मालकी हक्क ना व्यासांचा, ना जातककारांचा. सूत-मागध, म्हणजे राजांची स्तुती गाणारे भाट, आणि गावोगावचे कथेकरी ज्या गाथा म्हणत, त्यांतून हे राजे दोन्हीकडे गेले. गोष्टीचा सांगाडा सारखा राहिला आणि राजाची परीक्षा बदलली. ती कुठे बदलली हे पाहणे, चोरी कुणी केली हे शोधण्यापेक्षा जास्त हाती देते.

आधी एक दगडावरचा पुरावा. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे लोकांच्या पांडवलेण्यांत, तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा मोठा प्राकृत लेख आहे. काळ वासिष्ठीपुत्र पुळुमावीचे १९वे राज्यवर्ष, म्हणजे इसवी सनाचे दुसरे शतक. लेणे दान दिले आहे बौद्ध भिक्षूंच्या भद्रयानीय शाखेला. आणि त्या लेखात ही आई आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, वर्णन करताना काय म्हणते? नाभाग, नहुष, जनमेजय, सगर, ययाति, राम, अंबरीष यांच्यासारखा तेजस्वी. राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्यासारखा पराक्रमी. त्याच लेखात त्याला ‘एकबम्हण’, म्हणजे एकमेव ब्राह्मण, असेही म्हटले आहे. बौद्ध भिक्षूंच्या राहत्या जागेत, त्यांच्या डोळ्यांसमोर, पुराणांतल्या राजांची ही माळ कोरली गेली आणि तिचे कुणाला काही वाटल्याची खूण नाही. आंध्रातल्या नागार्जुनकोंड्याला तिसऱ्या शतकात हेच उलट बाजूने दिसते. तिथल्या इक्ष्वाकू घराण्याचा राजा अश्वमेध करतो, घरातल्या स्त्रिया स्तूपाला दान देतात, आणि लेखात बुद्धाचा जन्मच इक्ष्वाकू राजांच्या वंशात झाल्याचे सांगितले जाते. आज आपण ज्या दोन पेट्या करून बसलो आहोत, त्या त्या काळच्या श्रोत्यांच्या डोक्यात नव्हत्या.

आता शिबी. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकापासून कीर्तनापर्यंत सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे ससाणा आणि कबुतर. ती महाभारताच्या वनपर्वात लोमश ऋषी युधिष्ठिराला सांगतात, पण तिथे राजाचे नाव उशीनर आहे, शिबीचा बाप. पुढे त्याच पर्वाच्या प्रचलित पाठात ती शिबीच्या नावावर येते. अनुशासनपर्वात तीच घटना काशीच्या वृषदर्भाच्या नावाने सांगितली आहे. म्हणजे एकट्या महाभारतातच कबुतराला तीन धनी आहेत. बौद्धांनी ‘आपला’ शिबी पळवला असे म्हणणाऱ्याने आधी हे तीन धनी आपापसांत मिटवावेत.

वनपर्वातला ससाणा मला फार आवडतो, कारण तो नुसता भुकेला पक्षी नाही, पट्टीचा वकील आहे. कबुतर हे माझे ठरलेले अन्न आहे, ते हिरावून तू मला मारतोस, माझ्यामागे माझी बायकापोरे मरतील, आणि एकाला वाचवून अनेकांना मारणारा धर्म हा धर्म कसला, असा त्याचा युक्तिवाद. राजा बैल, डुक्कर, हरीण, रेडा काय हवे ते देऊ करतो. ससाणा म्हणतो, ससाणे कबुतरे खातात, ही जुनी रीत आहे. मग तराजू येतो. मांडीचे मांस कापून घातले तरी कबुतराचे पारडे खालीच. शेवटी राजा स्वतः पारड्यात बसतो. ससाणा इंद्र निघतो, कबुतर अग्नी. ही परीक्षा कशाची आहे? शरणागताला सोडतोस का, याची. क्षत्रियाच्या दारात आलेल्याचे रक्षण, तेही कायद्याने बिनतोड असलेल्या मागणीसमोर.

पाली जातकांत ४९९ क्रमांकाचे सिविजातक आहे आणि त्यात कबुतर नाहीच. अरिट्ठपूरचा राजा सिवी ठरवतो की बाहेरचे दान पुष्कळ झाले, आता कुणी अंगातले काही मागावे. शक्र, म्हणजे इंद्र, आंधळ्या म्हाताऱ्या ब्राह्मणाच्या रूपात येऊन डोळा मागतो. राजा दोन्ही देऊ करतो. आणि मग जातककार जे सांगतो ते वाचताना अंगावर काटा येतो. राजवैद्य सीवक विचार करतो की राजाच्या डोळ्याला शस्त्र लावणे बरे नव्हे. तो औषधांचे चूर्ण करतो, ते निळ्या कमळाला लावून उजव्या डोळ्यावरून फिरवतो. डोळा फिरतो, कळ येते. वैद्य म्हणतो, महाराज, अजून विचार करा, मी पूर्ववत करू शकतो. राजा म्हणतो, उशीर करू नकोस. दुसऱ्यांदा जास्त तीव्र चूर्ण, तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्यांदा डोळा खोबणीतून बाहेर येऊन शिरेला लोंबकळतो. राण्या, अमात्य रडताहेत, वस्त्रे रक्ताने भिजली आहेत. वैद्य डाव्या हाताने डोळा धरतो, उजव्या हाताने शीर कापतो आणि तो राजाच्या हातावर ठेवतो. राजा उरलेल्या डाव्या डोळ्याने आपल्याच उजव्या डोळ्याकडे पाहतो आणि म्हणतो की याहून शंभरपट, हजारपट मला सर्वज्ञतेचा डोळा प्रिय आहे.

इथे परीक्षा शरणागताच्या रक्षणाची नाही. ब्राह्मण संकटात नाही, त्याच्यामागे कुणी लागलेले नाही. परीक्षा फक्त देण्याची आहे, आणि देणाऱ्याची नजर आत्ताच्या राज्यावर नाही, कित्येक जन्मांपलीकडच्या बोधीवर आहे. वैद्याचे ते तीन वेळा थांबणे म्हणूनच महत्त्वाचे. ससाण्याच्या गोष्टीत राजाला माघारीची वाट कुणी दाखवत नाही. इथे प्रत्येक टप्प्यावर दार उघडे ठेवले आहे, आणि तो ते स्वतः लावून घेतो. पुढे आंधळा राजा बागेत तळ्याकाठी बसलेला असताना शक्र येतो आणि राजा सत्यक्रियेच्या बळावर, म्हणजे आपल्या खरेपणाची शपथ घालून, डोळे परत मिळवतो.

हे डोळे परत मिळणे जुन्या बौद्धांनाही खटकले होते. मिलिंदपञ्ह या प्रश्नोत्तरांच्या पाली ग्रंथात राजा मिलिंद नागसेन भिक्षूला धरतो की ज्याचा आधारच नष्ट झाला ते परत कसे उगवेल? नागसेन सत्याच्या बळाचा दाखला म्हणून पाटलिपुत्रातल्या बिंदुमती गणिकेची गोष्ट सांगतो. तिने अशोकासमोर गंगा उलटी वाहवली होती. तिचे सत्य एवढेच, की पैसे देणारा क्षत्रिय असो की शूद्र, मी कुणाशी दुजाभाव केला नाही. राजाच्या दानाला आधार म्हणून एका गणिकेचा चोख धंदा पुढे करणारा हा भिक्षू मला त्या ग्रंथातला सगळ्यांत धीट माणूस वाटतो.

मग बौद्धांकडे कबुतर नाहीच का? आहे, आणि भरपूर आहे, पण पाली परंपरेबाहेर. गंधारच्या शिल्पांत तराजू दिसतो, नागार्जुनकोंड्याला दिसतो, चीनमध्ये दुन्हुआंगच्या २५४ क्रमांकाच्या गुहेत दिसतो. चिनी यात्रेकरू फा-हियान इसवी सन ४००च्या सुमारास वायव्य भारतातून आला. त्याला स्वात भागात कबुतर सोडवले ती जागा दाखवली गेली, गंधारात डोळे दिले ती जागा, तक्षशिलेला मस्तक दिले ती, आणि पुढे वाघिणीला देह दिला ती. चारही ठिकाणी मोठे स्तूप होते. म्हणजे शिबीच्या दोन्ही गोष्टी त्या मुलखात शेजारीशेजारी नांदत होत्या आणि त्यांचे भाविकही तेच होते.

अजिंठ्यात तर दोन्ही एकाच डोंगरात आहेत. पहिल्या लेण्यात कबुतर आणि तराजू, सतराव्या लेण्यात डोळ्यांचे दान. संस्कृतात आर्यशूर या बौद्ध कवीने जातकमालेत दुसरीच कथा शिबीची घेतली आहे, ती डोळ्यांची. आणि त्याच जातकमालेतले काही श्लोक दोन क्रमांकाच्या लेण्यात रंगाने लिहिलेले सापडले. गटाबरोबर अजिंठ्याला गेलात तर गाइड बहुतेक पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपाशी रेंगाळतात आणि तराजूवर टॉर्च नुसता फिरवतात. तिथे त्यांना थांबवा. अंगातले मागणाऱ्या अतिथीची ही जात आपल्याकडे चांगलीच रुजलेली आहे; श्रियाळ-चांगुणेची आणि चिलया बाळाची गोष्ट ज्यांनी आजीकडून ऐकली त्यांना वेगळे सांगायला नको.

मांधात्याचे प्रकरण याहून गमतीचे, कारण इथे दोन परंपरा त्याच राजाला जवळपास उलट्या बाजूंनी धरतात. महाभारतात तो आदर्श. बाप युवनाश्व निपुत्रिक. रात्री तहानेने व्याकूळ होऊन राणीसाठी मंतरून ठेवलेले पाणी आश्रमात पिऊन टाकतो, आणि शंभर वर्षांनी त्याचीच डावी कूस फोडून मुलगा बाहेर येतो. हा पिणार काय? इंद्र ‘मां धास्यति’, म्हणजे ‘मला पिईल’, म्हणून आपली तर्जनी त्याच्या तोंडात देतो आणि त्यावरून नाव पडते. सूर्य उगवतो तिथपासून मावळतो तिथवर सगळे मांधात्याचे शेत, असा त्याचा लौकिक. दिव्यावदान या संस्कृत बौद्ध कथासंग्रहात बाप उपोषध आहे. त्याच्या डोक्यावर एक मऊ, न दुखणारा फोड येतो, तो फुटून मुलगा जन्मतो, आणि अंतःपुरातल्या साऱ्या राण्यांना पान्हा फुटून प्रत्येक जण ‘मला पी’ म्हणते. नावाची फोड तीच, पाजणारे बदलले. दोन्ही गोष्टी एकाच मुळापासून फुटल्या याला याहून चांगली साक्ष मिळणे कठीण.

आणि मग बौद्ध कथा त्याला वर चढवत नेते. सात रत्ने आहेत, डाव्या हाताची मूठ करून उजव्या हाताने तिला स्पर्श केला की आकाशातून रत्ने पडतात. दिव्यावदानात तो अंतःपुरात सात दिवस सोन्याचा पाऊस पाडतो आणि एकही कार्षापण, म्हणजे नाणे, बाहेर पडत नाही. (हा तपशील कुणी लिहिला असेल त्याला राजे चांगले ठाऊक असणार.) चारही द्वीपे जिंकून झाली, चार दिक्पालांचा स्वर्ग झाला, मग तेहतीस देवांचा. शक्र त्याला अर्धे राज्य देतो. पाली जातकात तर छत्तीस शक्र येऊन जातात आणि हा तिथेच. शेवटी त्याच्या मनात येते, अर्धे कशाला, शक्राला मारून सगळेच घेऊ. त्या विचारासरशी त्याचे आयुष्य झडू लागते आणि तो खाली आपल्याच बागेत येऊन पडतो. धम्मपदातली १८६वी गाथा, ‘न कहापणवस्सेन तित्ति कामेसु विज्जति’, या जातकात येते: कार्षापणांचा पाऊस पडला तरी वासना भागत नाही. आंध्रातल्या जग्गय्यपेट स्तूपाच्या शिळेवर हा पाऊस कोरलेला आहे. राजाने हात उचललेला आणि वरून चौकोनी नाणी पडताहेत. चौकोनी, कारण त्या काळची आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी तशीच असत.

तर मांधात्याला अतृप्त ठरवणे हे बौद्धांचे काम, असे म्हणावे का? थांबा. रामायणाच्या उत्तरकांडात च्यवन ऋषी शत्रुघ्नाला जो मांधाता सांगतात, त्यालाही इंद्राचे अर्धे आसन आणि अर्धे राज्य हवे आहे. इंद्र त्याला खोचकपणे विचारतो, पृथ्वी तरी पुरती जिंकलीस का? मधुवनातला लवण तुझे ऐकत नाही. हा शरमून खाली येतो, लवणाकडे दूत पाठवतो, लवण दूताला खाऊन टाकतो आणि पुढे शूलाने मांधात्याला सैन्यासकट भस्म करतो. अर्धे आसन दोन्हीकडे आहे, पडणेही दोन्हीकडे आहे. फरक एवढाच, की रामायणात त्याला बाहेरचा शत्रू मारतो, जातकात मनातला एक विचार. विष्णुपुराणात तर मांधाता यातून साफ सुटतो आणि अतृप्तीचा सारा भार त्याच्या जावयावर, सौभरी ऋषीवर, जातो. मांधात्याच्या पन्नास मुलींशी लग्न करून, नातवंडांपर्यंत पोचून सौभरी म्हणतो, ‘मनोरथानां न समाप्तिरस्ति’, मनोरथांना शेवट नाही. पुराणकाराला ती जुनी शिकवण त्या घरातून बाहेर जाऊ द्यायची नव्हती, पण चक्रवर्तीला डाग लावायचा नव्हता, असे माझे वाचन आहे.

या दोन्ही धारा एकाच माणसाच्या हातात पाहायच्या तर अश्वघोष या बौद्ध संस्कृत कवीकडे जा. बुद्धचरिताच्या पहिल्या सर्गात बुद्धाचा जन्म आईच्या कुशीतून झाला हे सांगताना तो दाखले देतो: और्व मांडीतून, पृथू हातातून, मांधाता मस्तकातून, कक्षीवान काखेतून. अकराव्या सर्गात सिद्धार्थ मगधराज बिंबिसाराला राज्य नाकारताना म्हणतो की सोन्याचा पाऊस पडला, चार द्वीपे जिंकली, शक्राचे अर्धे आसन मिळाले, तरी मांधात्याची तृप्ती झाली नाही. आणि लगेच पुढच्या श्लोकात ऋषींना पालखीला जुंपणारा नहुष कोसळतो. मस्तकातून जन्मलेला मांधाता बौद्धांचा, नहुष महाभारताचा. कवीला दोघे सारखेच जवळचे.

पुण्याजवळच्या भाजे लेण्यांत, टोकाच्या विहाराच्या ओसरीत रथ आणि हत्तीची दोन मोठी शिल्पे आहेत. रूढ ओळख सूर्य आणि इंद्र. काही अभ्यासकांनी त्यांत मांधात्याची उत्तरकुरूवरची, म्हणजे चार द्वीपांतल्या उत्तरेकडच्या द्वीपावरची, स्वारी पाहिली आहे. मला ही ओळख मोहक वाटते, पटलेली मात्र नाही. बौद्ध विहाराच्या दारात सूर्य-इंद्र येणे अशक्य मानण्याची गरज नाशिकचा लेख वाचल्यावर उरत नाही.

आपल्या मुलखाशी खरे नाते आहे ते दंडकाचे. दंडकारण्य अरण्य का झाले, याचे उत्तर दोन्ही परंपरांकडे आहे आणि दोन्हीकडे दोषी राजाच. उत्तरकांडात इक्ष्वाकूचा मुलगा दंड शुक्राचार्यांच्या मुलीवर, अरजेवर, बळजबरी करतो आणि सात दिवसांच्या धुळीच्या पावसात राज्य संपते. कौटिल्य अर्थशास्त्रात राजाने इंद्रिये ताब्यात ठेवावीत हे सांगताना पहिलाच दाखला भोज दांडक्याचा देतो: ब्राह्मणकन्येच्या मोहाने बांधव आणि राष्ट्रासह नष्ट झाला. पाली सरभंगजातकात मुलगी नाही. कुंभवतीच्या दंडकी राजाच्या बागेत किसवच्छ नावाचा तपस्वी राहतो. राजाची मर्जी गेलेली एक गणिका अपशकुन झाडून टाकायचा म्हणून त्याच्यावर थुंकते, आणि योगायोगाने तिची मर्जी परत बसते. मग पुरोहित तसेच करतो, त्याचेही पद परत येते. झाले, तोडगा लागू पडला! लढाईला निघालेला राजा सगळ्या फौजेसह त्या माणसावर थुंकून जातो. एकटा सेनापती तपस्व्याचे अंग धुऊन क्षमा मागतो. पुढे आकाशातून आधी पाऊस, वाळू, फुले, मग नाणी आणि दागिने पडतात, लोक वेचायला घराबाहेर येतात, आणि त्यानंतर शस्त्रे आणि निखारे. या किसवच्छाच्या गुरूचा, सरभंगाचा, आश्रम जातकाने गोदावरीकाठच्या कपित्थवनात ठेवला आहे. रामायणातही राम दंडकारण्यात शिरल्यावर ज्या ऋषींना भेटतो त्यांत शरभंग आहेच. मज्झिमनिकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातल्या उपालिसुत्तात ऋषींच्या मनातल्या क्रोधाने ओसाड झालेल्या अरण्यांत दंडकारण्य मोजले आहे. तेव्हा उत्तरेतल्या कथाकारांना विंध्यापलीकडचे हे रान राजाच्या पापाने उजाड झालेला प्रदेश म्हणून ठाऊक होते. पाप कोणते, ते प्रत्येकाने आपल्या श्रोत्यांसाठी ठरवले.

दशरथजातकावरून समाजमाध्यमांवर सर्वांत जास्त धूळ उडते, म्हणून थोडे सविस्तर. जातक ४६१. वाराणसीचा दशरथ, मुले राम आणि लक्खण, मुलगी सीता. सावत्र राणी भरतासाठी राज्य मागते. बाप मुलांना बारा वर्षे दूर राहायला सांगतो. नवव्या वर्षी बाप मरतो. भरत आणायला जातो. राम गवताच्या पादुका देऊन पाठवतो. शेवटी राम परत येऊन सीतेला राणी करतो. रावण नाही, लंका नाही. एक बाजू म्हणते हेच मूळ रामायण, दुसरी म्हणते ही मुद्दाम केलेली विटंबना. दोघेही जातक कसे रचलेले असते हे पाहत नाहीत. गाथा, म्हणजे श्लोक, जुन्या, भोवतीचे गद्य श्रीलंकेत इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आसपास आजच्या रूपात आले. सीता बहीण असल्याचे गद्य सांगते, गाथा नव्हे. आणि गद्यकाराला ते का सुचले असावे? दीघनिकाय या तशाच पाली संग्रहाच्या अम्बट्ठसुत्तात शाक्यांची, म्हणजे बुद्धाच्या कुळाची, कुळकथा आहे: ओक्काक, म्हणजे इक्ष्वाकू, लाडक्या राणीच्या मुलासाठी थोरल्या मुलांना हाकलतो आणि ते वंशशुद्धीसाठी बहिणींशीच लग्न करतात. शाक्यांसाठी ती अभिमानाची गोष्ट होती. बुद्धाच्या पूर्वजन्मीच्या रामाला त्याच साच्यात बसवले, एवढेच. यात अपमान शोधणारा आणि यात ‘खरा इतिहास’ शोधणारा, दोघे एकाच खड्ड्यात पडतात.

खरे पाहण्यासारखे निराळे आहे. हे जातक बुद्ध कुणाला सांगतात? बाप मेल्यामुळे सगळे कामधाम सोडून बसलेल्या एका गृहस्थाला. कथेचा गाभा वनवास नव्हे. बाप मेल्याची बातमी ऐकून लक्खण आणि सीता शुद्ध हरपतात आणि राम रडत नाही, हा आहे. भरत विचारतो, तुला शोक का होत नाही? राम जे सांगतो त्यात एक गाथा आहे: ‘फलानमिव पक्कानं निच्चं पतनतो भयं, एवं जातान मच्चानं निच्चं मरणतो भयं’. आता अयोध्याकांडात चित्रकूटावर राम भरताला काय म्हणतो ते पाहा: ‘यथा फलानां पक्वानां नान्यत्र पतनाद्भयम्, एवं नरस्य जातस्य नान्यत्र मरणाद्भयम्’. पिकल्या फळाला पडण्याचे भय, जन्मलेल्याला मरणाचे. हीच उपमा सुत्तनिपातातल्या सल्लसुत्तातही आहे, आणि तिथे राम वगैरे कुणी नाही. हा सांत्वनाचा तयार माल होता, मयताच्या घरी म्हणायचा. शांतिपर्वात कृष्ण युधिष्ठिराला नारद-सृंजय संवाद सांगतो तोही याच कामाचा: मरुत्त, शिबी, राम, भगीरथ, मांधाता, ययाति अशा सोळा राजांची थोरवी सांगायची आणि प्रत्येकाच्या शेवटी म्हणायचे की तोही मेला, तू मुलाचा शोक करू नकोस. माझ्या मते दशरथजातक वाल्मीकींच्या नव्हे, या सोळा राजांच्या शेजारी ठेवून वाचावे. तिथे ते आपसूक उलगडते.

मिथिलेच्या जनकाचे थोडक्यात. महाजनकजातकात घर सोडून निघालेल्या राजाला राणी मागे वळवू पाहते, शहर जळत असल्याचे दाखवते, आणि तो म्हणतो, मिथिला जळते आहे, माझे काही जळत नाही. शांतिपर्वात ‘मिथिलायां प्रदीप्तायां न मे दह्यति किञ्चन’ आहे, आणि जैनांच्या उत्तराध्ययनसूत्रात नमी राजर्षी अर्धमागधीत तेच बोलतो. तीन धर्म, तीन भाषा, एक ओळ. याच वंशाचा पहिला राजा मखादेव. त्याने न्हाव्याला सांगून ठेवले होते की पहिला पांढरा केस दिसला की मला दाखव. तो दिसताच राज्य मुलाला देऊन तो निघाला. भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर हे दृश्य कोरून खाली जातकाचे नाव लिहिले आहे, इसवी सनापूर्वी १०० च्या आसपास. मज्झिमनिकाय सांगतो की ही रीत कळारजनकाने मोडली. आणि हाच कराल वैदेह कौटिल्याच्या वर सांगितलेल्या ओळीत भोज दांडक्याच्या शेजारी बसलेला आहे, अश्वघोषाकडेही ब्राह्मणकन्या पळवणारा म्हणून येतो. वंश बुडवणारा शेवटचा राजा कोण, यावर मात्र सगळ्यांचे एकमत दिसते.

राहिला प्रश्न हे राजे खरे होते का. इथे गल्लत होते ती बिंबिसार, प्रसेनजित, उदयन यांना या रांगेत बसवल्यामुळे. ते बुद्धाचे समकालीन मानले गेलेले राजे आहेत, त्यांची राज्ये नकाशावर दाखवता येतात. त्यांच्याभोवती दंतकथा जमल्या हे वेगळे. शिबीचे तसे नाही, पण तो हवेतलाही नाही. शिबी नावाचे लोक नक्की होते. अलेक्झांडरच्या स्वारीचे ग्रीक वृत्तांत झेलम-चिनाबच्या संगमाजवळ ‘सिबोई’ लोकांचा उल्लेख करतात, कातडी पांघरणारे आणि दंडुके बाळगणारे. चितोडजवळच्या नगरीला ‘मझिमिकाय शिबिजनपदस’, म्हणजे शिबी जनपदाचे, असा लेख असलेली नाणी मिळाली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या १७९व्या सूक्ताच्या पहिल्या ऋचेचा द्रष्टा म्हणून अनुक्रमणी, म्हणजे सूक्तांच्या ऋषींची जुनी यादी, शिबी औशीनराचे नाव देते. जमातीच्या नावावरून मूळपुरुष राजा उभा राहतो, आणि ती जमात जिथे नांदली त्या वायव्य भागातच त्याचे स्तूप दाखवले जातात, हे सुसंगत आहे. मांधात्याचे नाव ऋग्वेदात येते, १०.१३४ त्याच्या नावावर आहे, नर्मदेतल्या ओंकारेश्वराच्या बेटाला आजही मांधाता म्हणतात. पण त्याच्या राज्याचा, लढाईचा, काळाचा एकही धागा हाती लागत नाही. वंशावळींतल्या पिढ्या मोजून त्याचे साल काढणाऱ्या लेखांवर वेळ घालवू नका.

वाचायला सुरुवात करायची असेल तर जातके दुर्गा भागवतांच्या ‘सिद्धार्थ जातक’मधून मराठीत मिळतात. महाभारत संस्कृतातून वाचणार असाल तर पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती आणि बाजारातली प्रचलित प्रत दोन्ही समोर ठेवा. कोणती उपकथा मूळ पाठात धरली आहे आणि कोणती परिशिष्टात गेली आहे हे पाहिल्याशिवाय ‘महाभारतात आहे’ असे विधान करू नका. जातकात आधी गाथा वाचा, मग गद्य. आणि शिबीपासून सुरू करा. वनपर्वातला ससाणा आणि जातकातला सीवक वैद्य एकाच बैठकीत वाचून होतात.